शरीर बाईचे, निर्णय कोणाचा?



स्त्री-पुरुष समतेवर मराठीत झालेले सर्वांत रोखठोक लेखन मोताळ्याच्या या सभागृहापासून फार दूर झालेले नाही. मोताळ्याहून निघून राजूरचा घाट चढला की बुलडाणा येते. त्या बुलडाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध लिहिला आणि १८८२ साली तो पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलडाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. परिसरात मुलींची शाळा नव्हती, म्हणून त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्न मात्र त्या काळच्या रीतीने लहान वयातच झाले. नवरा घरजावई होता. मूलबाळ झाले नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आढळत नाही, आणि हे एकुलते एक पुस्तकही पुढे विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केले, तेव्हा भारतातल्या स्त्रीवादी विचाराच्या पहिल्या ग्रंथांपैकी एक वऱ्हाडात लिहिला गेला होता हे महाराष्ट्राला नव्याने कळले.

निबंधाला निमित्त घडले ते सुरतच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले, मूल जन्मले आणि लोकलाजेच्या भीतीने तिने ते मारले. १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली आणि काळ्या पाण्याची शिक्षा मिळाली. खटल्याची चर्चा मुंबई इलाख्यात सगळीकडे झाली. 'पुणे वैभव' या पत्राने त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीच्या वर्तनावर तोंडसुख घेतले. ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली.

त्या खटल्यात न्यायालयासमोर कोण उभे होते? एकटी विजयालक्ष्मी. ज्या पुरुषापासून तिला दिवस गेले तो कोठे होता? त्याच्यावर खटला नाही, त्याला शिक्षा नाही. वर्तमानपत्रांनाही त्याची आठवण झाली नाही. संबंध दोघांचा, पण पुरावा एकीच्या अंगावर. पुरुषाच्या शरीरावर खूण उमटत नाही, म्हणून त्याचे वर्तन अदृश्य राहते. बाईच्या शरीरावर खूण उमटते, म्हणून तिचे वर्तन साऱ्या गावाचा विषय होते. मग विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचे नाही, तिला फशी पाडणाऱ्याला जाब विचारायचा नाही, आणि मूल जन्मले की कायद्याने तिला फासावर न्यायचे. या तिन्ही गोष्टी एकाच समाजाने केलेल्या आहेत. ताराबाईंचा सगळा संताप या ठिकाणाहून सुरू होतो.

पुढे निबंध कसा जातो ते पाहण्यासारखे आहे. स्त्रियांना दूषणे देणारा एक संस्कृत श्लोक ताराबाई घेतात. त्यात सांगितलेले दोष, म्हणजे संशय, उद्धटपणा, अविचार, कपट, एकेक करून पुढे मांडतात आणि विचारतात: हे पुरुषात नाहीत काय? असतील तर कोणात जास्त? बायको मेली की दहाव्याला दुसरी पाहणारा पुरुष धर्मात बसतो, आणि नवरा मेलेल्या दहा वर्षांच्या मुलीने जन्मभर कोपऱ्यात बसायचे, हा कोणता धर्म? साहेबाचा पोशाख, साहेबाचे खाणे-पिणे पुरुषांनी उचलले तेव्हा धर्म बुडाला नाही. मग बाईने पाऊल उंबऱ्याबाहेर टाकताच तो कसा बुडतो? पुराणांतल्या देवांनाही ताराबाईंनी याच मापाने मोजले. १८८२ साली, सत्यशोधक घरातल्या का होईना, एका मराठा स्त्रीने हे छापून आणणे ही साधी गोष्ट नव्हती. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले मात्र ठामपणे बाजूने उभे राहिले आणि आपल्या 'सत्सार' या नियतकालिकाच्या अंकात त्यांनी या पुस्तकाची पाठराखण केली.

फुले यांची ही साथ अचानक आलेली नव्हती. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, अशा जाहिराती त्यांनी लावल्या. विजयालक्ष्मीला ज्या एका गोष्टीची गरज होती तीच गोष्ट सुरतेच्या खटल्याच्या अठरा वर्षे आधी पुण्यात उभी राहिली होती. एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला या दांपत्याने दत्तक घेतले. शिक्षेचा बडगा न उगारता आधार देऊनही प्रश्न सुटतो, हे त्या घराने दाखवून दिले.

विधवेच्या बाबतीत दुहेरी माप किती बारकाईने आखलेले होते ते पाहावे. उच्चवर्णीयांत विधवेचे केशवपन होई. म्हणजे तिने काय नेसावे, काय खावे एवढ्यावर न थांबता तिच्या डोक्यावरचे केस ठेवायचे की नाही हेही इतरांनी ठरवायचे. बायको गेलेल्या पुरुषाच्या अंगावर अशी कोणतीही खूण कधी नव्हती. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केस कापणार नाही असे त्यांनी ठरवले. समाजसुधारणेच्या इतिहासात या घटनेला फार मोठे स्थान द्यायला हवे, कारण हातात वस्तरा असलेल्यांनीच येथे नकार दिला. बहुजन जातींत विधवेचे लग्न होत असे, पण ते 'पाट' म्हणून. पाट लागायचा रात्री, वाजंत्रीशिवाय, फारसे कोणी पाहू नये अशा बेताने. बिजवराचे लग्न मात्र दिवसाढवळ्या, मांडव घालून. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, आणि त्याच कायद्याने पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्कही काढून घेतला. दुसरे लग्न करणाऱ्या पुरुषाची एक गुंठा जमीन तरी कोणत्या कायद्याने काढून घेतली होती?

आता लग्नाच्या आतल्या गोष्टीकडे वळले पाहिजे. बाईच्या शरीरावर कोणाचा ताबा, हा प्रश्न उंबऱ्याबाहेर जितका अवघड, त्याहून उंबऱ्याच्या आत अवघड आहे.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: बायकोने आपल्याकडे येऊन राहावे. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अजाण वयात लागलेल्या लग्नावरून एका स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या घरी धाडणे त्यांना अमानुष वाटले. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण फिरले, आणि १८८७ च्या मार्चमध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि पुढची कित्येक वर्षे सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांवर उपचार करीत राहिल्या.

या प्रकरणाच्या पाठोपाठ संमतिवयाचे विधेयक आले. बंगालमध्ये फुलमणी नावाची जेमतेम अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगामुळे मरण पावली होती. १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले. फक्त दहावरून बारा! एवढ्यावर महाराष्ट्र पेटला. लोकमान्य टिळकांनी या कायद्याला विरोध केला. परक्या सरकारला आपल्या घरातल्या रीतिभातीत हात घालू देऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. परक्या सत्तेवरचा राग खरा होता आणि न्याय्य होता. पण ही लढाई लढली गेली कशाच्या आधारे? दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या शरीराच्या. तिला काय वाटते, हे सरकारनेही विचारले नाही आणि विरोधकांनीही नाही. स्वाभिमानाची लढाई बाईच्या अंगावर लढायची, ही सवय तेव्हापासून आजतागायत सुटलेली नाही. जातीच्या अब्रूसाठी मुलीचा जीव घेणारे भाऊ आणि बाप याच सवयीतून निर्माण होतात.

रखमाबाईंना ज्या तरतुदीने कोर्टात ओढले ती आज गेली आहे का? नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये ती आजही आहे. न नांदणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद पुढे वगळली गेली, पण न्यायालयाकडून 'नांदायला ये' असा हुकूम अजूनही मिळवता येतो. आणि नांदायला आल्यावर? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. इंग्रजांच्या काळची दंडसंहिता मोडीत काढून हा नवा कायदा आणला असे सांगितले जाते. त्यातल्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे आणि जुन्या दंडसंहितेतला अपवादही कायम आहे: बायको अठरा वर्षांच्या आतली नसेल, तर नवऱ्याने केलेला संभोग हा बलात्कार नाही. २०२२ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या अपवादावर परस्परविरोधी निकाल दिले आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला 'नाही' म्हणण्याचा हक्क कायदा देतो, आणि ज्याच्यासोबत आयुष्य काढायचे त्याला 'नाही' म्हटले तर त्या शब्दाला कायद्यात वजन नाही. असे का असावे?

कधी कधी दुहेरी माप सवलतीचे रूप घेऊन येते, आणि तेव्हा ते ओळखणे कठीण जाते. १८६० च्या दंडसंहितेतले कलम ४९७ असेच होते. परस्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, स्त्रीला मात्र काहीच नाही. वरवर पाहता कायदा बाईच्या बाजूचा. पण तिच्या नवऱ्याची संमती असेल तर तो गुन्हाच नव्हता. म्हणजे गुन्हा घडत होता तो नवऱ्याच्या मालकीविरुद्ध. नवऱ्याने दुसरीकडे संबंध ठेवले तर बायकोला तक्रार करण्याची सोय नव्हती. मुंबईतल्या युसूफ अब्दुल अझीझ प्रकरणात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम राखले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ते रद्द केले. या कलमाखाली तुरुंगाची भीती फक्त पुरुषालाच होती, हेही येथे सांगितले पाहिजे. समतेचा आग्रह धरणाऱ्याने पुरुषावर होणारा अन्याय झाकून ठेवणे बरोबर नाही. मालकीच्या कल्पनेने बाईला वस्तू केले आणि पुरुषाला चोर केले. माणूस म्हणून दोघांपैकी कोणालाच वागवले नाही.

विजयालक्ष्मीच्या खटल्यात शरीरावरची खूण शिक्षेला कारण झाली. विदर्भातल्या एका प्रकरणात उलटे घडले. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात, मथुरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडले. कारण? तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नाही. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात, रात्री, वर्दीतल्या माणसासमोर गप्प राहणे म्हणजे संमती होते काय, हा त्यांचा प्रश्न होता. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. एकीच्या अंगावर खूण आहे म्हणून ती दोषी, आणि दुसरीच्या अंगावर खूण नाही म्हणून पुरुष निर्दोष. जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन प्रकरणांत बोलायला लावले ते शरीराला. शरीर जिचे, तिचे म्हणणे पुरावा म्हणून कोणी मोजले नाही. बलात्काराच्या तक्रारीनंतर दोन बोटांनी केली जाणारी 'कौमार्य' तपासणीही याच समजुतीतून आली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१३ साली गैर ठरवली, तरी ती चालूच राहिली. म्हणून २०२२ साली न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की अशी तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल. पुरुषाच्या पूर्वायुष्याची अशी तपासणी करण्याची रीत कोणत्या जातीत, कोणत्या धर्मात आहे?

आता मूल व्हावे की नाही, केव्हा व्हावे, हे कोणी ठरवायचे?

या प्रश्नाचे सरळ उत्तर महाराष्ट्रात एका माणसाने आयुष्यभर दिले आणि त्याची किंमत मोजली. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले. या कामापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मूल नको असण्याचा हक्क बाईचा आहे आणि कामसुखही तिचे आहे, असे कर्वे उघड लिहीत. समाजाला ते शब्द सोसले नाहीत. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला, तोही नामंजूर झाला. त्याआधी, १९३५ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. गांधीजींनी साधनांना विरोध केला आणि संयमाचा मार्ग सांगितला. बाईने नवऱ्याला नकार द्यायला शिकावे, असेही गांधीजींचे म्हणणे होते. ते मोलाचे होते. पण नकार दिल्यावर मार खाणाऱ्या बाईच्या हातात काय द्यायचे, याचे उत्तर कर्व्यांकडे होते.

स्वतंत्र भारताने संततिनियमन सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारले. मग काय झाले? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते. आणीबाणीत माणसे पकडून नेली, कोटे पूर्ण केले. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. तो अत्याचार होता, आणि तो पुरुषांवर झाला म्हणून कमी अत्याचार होत नाही. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी सरकार घालवले, त्यात या रागाचा मोठा वाटा होता. त्यानंतर कार्यक्रम बंद पडला नाही. तो स्त्रियांकडे वळवला गेला. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी किमान १३ जणी दगावल्या. त्यामुळे कोणते सरकार पडले? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. निवडणुकीत मात्र त्या बायकांचा विषय कोणी काढला नाही.

आजची स्थिती आकड्यांत स्वच्छ दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहितांनी 'ऑपरेशन' करून घेतलेले आहे. पुरुषांचे प्रमाण येथे अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण आत घालावी लागते. पुरुषाची बिनटाका शस्त्रक्रिया तेवढीच जागा बधिर करून काही मिनिटांत होते आणि तो त्याच दिवशी घरी जातो. मग गावात काय ऐकू येते? गड्याच्या अंगातली ताकद जाते, त्याला शेतीची कामे होत नाहीत. वैद्यकशास्त्रात याला काडीचाही आधार नाही. आणि बाईला कामे नाहीत काय? निंदणी तिची, खुरपणी तिची, कपाशीची वेचणी तिची, सोयाबीनची सोंगणीही तिची, आणि घरी आल्यावर चूल आहेच. जिचे बाळंतपण झाले, जिच्या अंगातले रक्त आधीच कमी, तिच्याच पोटाला पुन्हा टाके. हे वैद्यकीय कारणाने ठरलेले नाही. पुरुषाच्या शरीराला हात लावायचा नाही, एवढ्या एकाच नियमाने ठरले आहे.

कायद्यात आणि व्यवहारात आणखी एक फट आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीचा गर्भपात करायला फक्त तिची संमती लागते. नसबंदीच्या सरकारी नियमांतही जोडीदाराची सही आवश्यक नाही. तरी अनेक दवाखान्यांत पहिला प्रश्न असतो: मालक कोठे आहेत? सही कोण करणार? संसदेने दिलेला हक्क कागदांच्या टेबलाशी येऊन थांबतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण या सगळ्यात जास्त वेदना देणारे आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती हंगामभर फेडायची. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाडा म्हणजे दंड. पाळीच्या दिवसांत फडात पाणी नाही, आडोसा नाही, विश्रांती नाही. पोट दुखते म्हणून खासगी दवाखान्यात गेले की कॅन्सरची भीती घातली जाते आणि 'पिशवी काढून टाका' असे सांगितले जाते. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. ही शस्त्रक्रिया 'तिच्या संमतीने' झाली असे कागद सांगतात. ज्या संमतीच्या मागे उचल, खाडा आणि भीती उभी आहे, तिला संमती म्हणायचे काय? हातात कोयता घेतलेल्या बाईकडून पुरुषाइतके काम हवे, फक्त तिचे शरीर बाईचे नको. समतेच्या नावाखाली चाललेली ही सर्वांत क्रूर फसवणूक आहे.

आता बुलडाणा जिल्ह्याचा आकडा. तो सांगितल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होऊ शकत नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ साली ८५५. दहा वर्षांत हजारामागे ५३ मुली कमी. महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता आणि बुलडाणा राज्यातल्या सर्वांत खालच्या जिल्ह्यांत होता. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा आधी आला आणि सोनोग्राफीची यंत्रे त्याला ओलांडून गेली. याच जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे. दर १२ जानेवारीला लाखो लोक जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकतात. लखुजी जाधवांच्या घरी मुलगी जन्मली याचा आनंद चार शतकांनंतरही साजरा होतो, आणि आपल्या घरातली मुलगी जन्मायच्या आधी नाकारली जाते. एखाद्या जिल्ह्याला यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट कोणती असू शकते?

येथे एक सावधगिरी हवी. गर्भलिंग तपासणीला विरोध म्हणजे गर्भपाताला विरोध नव्हे. तपासणी रोखण्याच्या उत्साहात ठिकठिकाणी कायदेशीर गर्भपातही नाकारले गेले आणि गरीब बायका भोंदूंच्या हाती गेल्या. मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात हा बहुतेक वेळा सासर, नवरा आणि वंशाच्या दिव्याची भूक यांचा निर्णय असतो. मूल नको म्हणून बाईने घेतलेला निर्णय हा तिचा निर्णय असतो. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताचा हक्क अविवाहित स्त्रियांनाही दिला, तो याच तत्त्वावर. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या की पुन्हा ताबा बाईच्या हातून जातो.

सारे काही काळे आहे असे नाही. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. पंधरवड्यात शासनाने परिपत्रक काढले आणि राज्यातल्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सांगितले. ठरावाने माणसाचे मन एका रात्रीत बदलत नाही. पण प्रेताजवळ बसलेल्या बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायला पुढे आलेल्या शेजारणीला थांबवण्यासाठी गावाचा कागद हाताशी असतो.

असा कागद मोताळा तालुक्यातली प्रत्येक ग्रामपंचायत करू शकते. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे, आणि पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याचा, हे चित्र बदलणेही गावाच्याच हातात आहे. येत्या महिला सभेत चार गोष्टी मांडाव्यात: विधवेच्या अंगावरच्या खुणा पुसण्याच्या प्रथा बंद, अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न नाही, गावातल्या शून्य ते सहा वयाच्या मुला-मुलींची संख्या दरवर्षी ग्रामसभेत जाहीर वाचली जाईल, आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी आधी पुरुषाला विचारले जाईल. यातली शेवटची गोष्ट सरपंच, शिक्षक, डॉक्टर, कार्यकर्ते, या सभागृहात बसलेल्या पुरुषांनी स्वतःपासून सुरू करावी. सरकारी दवाखान्यात ती शस्त्रक्रिया मोफत होते. नाव नोंदवायला बायकोची सही लागत नाही. तिच्याशी एकदा बोलून मात्र जावे.